रक्ती हगवण आणि सुमनकाकूंची पिल्लं

जनावरांच्या डॉक्टरला किस्से शोधावे लागत नाहीत. दिवसभर तीच ती सूचना देत फिरलं की आपोआप साठतात. माझ्याकडचे निम्मे तर एकट्या सुमनकाकूंचे! काल्हेरची त्यांची शेती गोडाऊनखाली गेली. रिकामं बसवेना, म्हणून काकूंनी घरामागे कोंबडीची दोनशे गावरान पिल्लं आणली. नवरा म्हणाला, "महिनाभर टिकली तरी खूप." काकूंनी ते मनाला लावून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं. रक्ती हगवण. मी म्हटलं, "काकू, हा रोग ओलाव्यात वाढतो. खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं पाहिजे." दुसऱ्या दिवशी पाहतो तर तूस ओलंचिंब. काकूंनी पाइप लावून अख्खी शेड धुतली होती.

"घान ठेवू का मंग?" मलाच विचारलं.

तूस बदलून घेतलं. औषध पाण्यातून द्यायचं आणि दुसरं पाणी अजिबात ठेवायचं नाही, हे तीनदा बजावलं. संध्याकाळी औषधाचं भांडं काठोकाठ भरलेलं, शेजारी साध्या पाण्याची परात मात्र रिकामी.

"औषध कडू लागत असल, डॉक्टर. वरून घोटभर चांगलं पानी नको?"

कोर्स पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं, म्हणून काकूंनी औषध थांबवलं. उरलेली बाटली फ्रिजमध्ये, "पुढच्या टायमाला"! त्या आठवड्यात अकरा पिल्लं गेली. मी भयंकर चिडून गेलो. काकू शेडच्या दारात बसून एकेका पिल्लाची मान बोटाने वर करत औषध पाजत होत्या. डोळे सुजलेले. मला ओरडणं जमलं नाही. पुन्हा पहिल्यापासून कोर्स लावला.

मग आली गल्ली. आजारी माणसाला बघायला जावं, तशी मंडळी पिल्लांना बघायला यायला लागली. प्रत्येकाच्या घरी कोंबड्या. शेडमध्ये चपला घालून शिरायचं, हळहळायचं आणि त्याच चपलांनी आपल्या खुराड्यापाशी जायचं. रोग असाच पसरतो, हे सांगून माझा घसा बसला. शेवटी काकूंना दम दिला, "एकालाही आत सोडलंत तर मी पुन्हा येणार नाही."

आठवड्याने गेलो. शेडला कुलूप, तूस कोरडं, एकही पिल्लू मेलेलं नाही. मला इतका आनंद झाला की नवऱ्यासमोर काकूंचं तोंडभरून कौतुक केलं. "खरंच कोणाला आत सोडलं नाहीत?"

"एकाला पन न्हाय," काकू म्हणाल्या. "लोकं लय नाराज झाली. मंग मीच चार पिल्लं पाटीत घातली आनि घरोघरी दाखवून आनली."