दोन तृतीयांश आणि पाऊण

लग्नानंतर आम्ही लोहाऱ्याला एका खोलीत राहायचो. माझे मिस्टर एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जायचे आणि आम्ही दोघंही पोलीस भरतीची तयारी करत होतो. पहाटे मैदान, वेळ मिळेल तेव्हा वस्तीतल्या विहारामागची अभ्यासिका. मी धावायला चांगली होते. गणित यांचं पक्कं, माझं शाळेतच सुटलेलं.

मैदानी चाचणीत मी पात्र ठरले. सोळाशे मीटर धावताना यांच्या पोटरीत गोळा आला. गुण कमी पडले आणि गणित येत असूनही हे लेखीपर्यंत पोचलेच नाहीत. मला वाटलं, आता भरतीचा विषयच नको. पण दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले, हातपाय धुतले आणि गणिताचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"तुह्या पेपरले महिनाच आहे. अपूर्णांक काढ."

पहिलंच उदाहरण दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश. मी वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. पाच सप्तमांश. छेद समान करायचे असतात, असं सांगून यांनी करून दाखवलं. मी तसंच लिहिलं, आणि पुढच्या उदाहरणात परत तीच चूक. दोन-तीन दिवस हेच चाललं.

"तू नुसतं उतरवून राह्यली," हे म्हणाले.

खाली बारा केले ते ठीक, पण वरच्या दोनाचे आठ कायले होतात, असं मी विचारलं. यांना ते इतकं सोपं वाटत होतं की सांगता येईना. नियमच आहे तसा, म्हणाले. मला नियम नको होता, कारण हवं होतं. तसं बोलल्यावर हे चपला घालून टपरीवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. माझं धावणं आता गरजेचं नव्हतं, सवय होती. हे पायरीवर बसून राहिले. मैदानाभोवती सारख्या अंतरावर विजेचे बारा खांब होते. धावता धावता मनात आलं, दोन तृतीयांश फेरी कुठे होते? फेरीचे तीन भाग केले तर एका भागात चार खांब, दोन भागांत आठ. चार भाग केले तर एकात तीन, म्हणजे पाऊण फेरीला नऊ. मी थांबलेच. तृतीयांश आणि चतुर्थांश एकमेकांत मिसळत नव्हते, पण आठ खांब आणि नऊ खांब मिसळत होते. अंतर तेवढंच होतं, फक्त मोजायचं माप लहान झालं होतं. सतरा खांब, म्हणजे एक फेरी आणि वर पाच.

धापा टाकत जाऊन यांना सांगितलं. यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "मंग पाच सप्तमांश काहून चुकलं?"

मी परत खांबांकडे पाहिलं. पाऊण फेरी तर आधीच झालेली. त्यात अर्ध्याहून जास्त मिळवल्यावर बेरीज एका फेरीच्या आत कशी येईल? एवढं सांगितल्यावर हे हसले. चाचणीच्या निकालानंतर पहिल्यांदाच.

लेखीत मी पास झाले, निवडही झाली. माझा नंबर यांनीच मोबाईलवर शोधला, मला दाखवला आणि डबा घेऊन पाळीवर गेले. मी एकटी बसून रडले. आनंद होताच, पण हे सायकल काढून नेहमीसारखे कंपनीत गेले, तेही डोळ्यांपुढून जाईना. पुढची भरती निघाली तेव्हा यांचं वय निघून गेलं होतं.

आता मी वणीला पोलीस ठाण्यात असते. हे अजून त्याच कंपनीत आहेत, सुट्टीला एसटीनं येतात. संध्याकाळी लोहाऱ्याच्या अभ्यासिकेत भरतीच्या पोरापोरींना गणित शिकवतात. मागे एकदा हे आले असताना मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत?

"वाटते ना," म्हणाले. "पण तुह्या नोकरीचं नाही वाटत."

मग मेथीची जुडी पुढे ओढून निवडायला बसले.