निळं पाणी

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून बळवंत देवस्थळी नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले, ते १९९४ साल. सेक्टरमध्ये तेव्हा झाडांपेक्षा विजेचे खांब जास्त होते. वरच्या मजल्यावर प्रमोदिनी ठोसर राहायची. दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती टेक्निशियन होती. मधुमेहावर चालतील अशा वनस्पती वाळवायच्या, कुटायच्या, त्यांचा अर्क उंदरांना देऊन त्यांची साखर मोजायची, हे तिचं काम. संध्याकाळी ती बसमधून उतरली की तिच्या ओढणीला कडवट वास यायचा.

बळवंतरावांना साखरेचं दुखणं नऊ वर्षांचं. जिन्यात ती भेटली की ते विचारत, "काय म्हणतात तुझे उंदीर?"

"विचारात आहेत, काका."

एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून गुडमार नावाच्या वेलीचं नाव निघालं. बळवंतरावांना तेवढं पुरलं. ते बस पकडून जुन्या दिल्लीत खारी बावलीच्या जडीबुटी बाजारात गेले आणि अर्धा किलो वाळका पाला घेऊन आले. चार पानं चावली, वर चिमूटभर साखर टाकली. साखर वाळूसारखी लागली. गोडी औषधालासुद्धा नाही. जिभेवर मरते ती साखर रक्तात कुठली टिकायला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात टाकल्या. बायकोला, द्वारकाबाईंना, यातलं काही सांगितलं नाही.

जानेवारीत संक्रांतीला प्रमोदिनी तिळगूळ द्यायला खाली आली. बळवंतराव पाला चावून तयारच होते. द्वारकाबाईंनी केलेल्या सात वड्या त्यांनी एका बैठकीत संपवल्या.

"अहो, पुरे आता."

"गोड लागतच नाहीत. नुसते खडे. हे काय बाधणार?"

"अच्छा, माझ्या वड्या खडे झाल्या? पुढच्या वर्षी खडेच वाढते."

प्रमोदिनी हसली नाही. तिने त्यांच्या हिरवट जिभेकडे पाहिलं, मग डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीकडे.

"हे कधीपासून, काका?"

"चप्पल चावली. महिना झाला असेल."

"आणि गोळ्या?"

बळवंतराव पंख्याकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या पाण्याची बाटली घेऊन आली. "यात तुमच्या लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. पाणी निळं राहिलं तर तुमचा पाला खरा. रंग बदलला तर साखर आहे, मग मी म्हणेन ते ऐकायचं."

बळवंतराव खुर्ची ओढून ऐटीत बसले. पाणी उकळलं. हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटकरी.

"पाला जिभेला फसवतो, काका. अर्काने साखर उतरते का, ते आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही. काही उंदरांची उतरते, काहींची नाही. कळेल त्या दिवशी पहिली तुमच्याकडे येईन. तोवर गोळ्या."

ओरडली असती तर त्यांनी वाद घातला असता. ती हळू बोलली, म्हणून त्यांना मान वर करवेना.

सोमवारी रजा टाकून तिनेच त्यांना ऑटोतून इस्पितळात नेलं. जखम पाहून डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता, कदाचित पाऊलही. इन्सुलिन सुरू झालं, रोज ड्रेसिंग झालं. होळीपर्यंत जखम भरली. उरलेला पाला द्वारकाबाईंनी न विचारता कुंडीत पुरला.

पुढे काही वर्षांनी प्रयोगशाळेतलं ते काम बंद पडलं. अर्काचं औषध झालं नाही. हे सांगताना प्रमोदिनी ओशाळली. "इतकी वर्षं कुटलं, काका, कोणाच्या उपयोगी पडलं नाही."

बळवंतरावांनी चप्पल काढली आणि डावा पाय तिच्यापुढे केला.

आता दर संक्रांतीला जिना चढून तेच वर जातात. प्रमोदिनीला तिळगूळ देतात आणि तिच्यासमोर अर्धी वडी खातात, अर्धी परत डब्यात ठेवतात.

"लागते गोड?" ती विचारते.

"लागते," ते म्हणतात.