मायच्या वाटणीचं पथ्य

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. थोरल्या दोघी बहिणी सासरी गेल्या होत्या, त्यामुळे नांदुऱ्याच्या आमच्या घरात आम्ही तिघंच उरलो होतो: बाबा, माय आणि मी. बाबा कापसाची दलाली करत. उंचपुरे, आवाज मोठा, आणि जेवण आवाजाला शोभेल असं. ज्वारीच्या तीन भाकरी, वांग्याच्या भाजीवर बोटभर लाल तवंग आणि शेजारी कच्चं तेल ओतलेला मिरचीचा ठेचा.

त्या वर्षी दसरा झाला आणि बाबा पोट धरून बसले. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी, दिवसभर ढेकरा. कापूस अजून बाजारात यायचा होता, हाताला काम नव्हतं, म्हणून त्यांनी दुखणं चांगलं मनावर घेतलं. ओसरीतल्या बाजेवर पडून ते कण्हत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पोटाचं वर्तमान सांगत. तिसऱ्या दिवशी वैद्यबुवांना बोलावणं गेलं.

वैद्यबुवा सायकलवर आले. वयस्कर, अंगानं काडी, बोलणं हळू. त्यांनी बाबांची नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. माय दाराआड उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, मग चहा पुढे केला, आणि पुन्हा दाराआड गेली.

"घाबरू नका, जुलाब देत नाही," वैद्यबुवा म्हणाले. "अकरा दिवस पोटाला विसावा द्या. पहिले चार दिवस तांदळाची पातळ पेज, त्यात चिमूटभर सुंठ आणि सैंधव. मग मुगाचं कढण, जिरं आणि थोडं तूप घालून. त्यानंतर मुगाची मऊ खिचडी. पाणी कोमट प्या. चहा, तेल, मिरची बंद. आणि जेवण वेळेवर."

"पेज?" बाबा उठून बसले. "मी का बाळंतीन आहो का?"

वैद्यबुवा हसले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी सगळं एकदा पुन्हा सांगितलं, कारण करायचं तर मायला होतं.

आमच्याकडे तांदूळ फक्त सणाला आणि पाहुण्याला शिजायचा. आता तो बाबांच्या पोटासाठी आला. बाबांनी पहिल्याच सकाळी हुकूम सोडला, "घरात फोडनीचा वास नाई आला पायजे. मले सहन होनार नाई." म्हणजे घरातली मिरची अकरा दिवसांसाठी वरच्या फळीवर गेली. मी दह्याशी भाकरी खायला लागले.

"तू काय खाशील?" मी मायला विचारलं.

"दोन-दोन चुली कायले? मी बी पेजच पीन," ती म्हणाली.

मला ते तेव्हाही आवडलं नाही. दुखणं एकाचं आणि उपाशी दुसऱ्यानं राहायचं, हा कुठला न्याय? पण माय शेवटी जेवायची, उरलंसुरलं जेवायची, हे मी जन्मापासून बघत आले होते, त्यामुळे मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाही मला आज राग येतो.

चौथ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून धुणं घेऊन आले तर माय मधल्या खोलीत भुईवर झोपली होती. मी घाबरले. माय दुपारी झोपते हे मी कधी पाहिलं नव्हतं. तशी ती रोज दुपारी थोडी आडवी व्हायची, पण कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि पाण्याचा गार तांब्या पोटाला लावून. मध्येच उठून खायच्या सोड्याची चिमूट तोंडात टाकायची. आम्हा बहिणींना ती तिची सवय वाटायची, कुणाला तपकिरीची असते तशी. आज मात्र ती उताणी पडली होती, हातपाय सैल सोडून, तोंड जरासं उघडं. तांब्या जागेवर होता.

मी हलवलं तशी ती उठली आणि वरमली.

"लागला वो डोळा. आज पोटात जळलंच नाई."

"म्हंजे रोज जळते?"

"हाव."

"कवापासून?"

तिनं थोडा विचार केला. "तू पोटात होती, तवापासून."

मी सतरा वर्षांची होते.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू? जळते म्हनून काय सयपाक रायते?" असं म्हणून ती धुणं वाळत घालायला उठली.

मी तिथेच बसून राहिले. आमच्या घरात भाजी कशी वाढली जायची ते मला एकदम दिसायला लागलं. वांग्याच्या फोडी बाबांच्या ताटात. मग मला. माय बसायची तेव्हा भांड्यात फोड नसायची, तळाचं लाल तेल असायचं. त्यात ती भाकरी चुरायची आणि दुपारचे दोन-अडीच वाजता खायची. सतरा वर्षं. आणि बाबांना तीन दिवस ढेकरा आल्या तर वैद्य सायकल हाणत घरी आला होता. तो ज्या दाराकडे तोंड करून पेज सांगत होता, त्या दारामागे खरा रोगी उभा होता, आणि वैद्यानं त्या रोग्याच्याच हातचा चहा पिऊन कप परत दिला होता.

पाचव्या दिवशी मी बहिणीला लिहिलेलं पत्र टाकायला स्टेशनवर गेले. स्टेशनात टाकलं की पत्र लवकर जायचं. परत येताना समोरच्या हॉटेलाच्या बाकावर बाबा दिसले. सोबत दोन दलाल होते. मध्ये मिरचीच्या भज्यांची ताटली होती आणि बाबांच्या हातात चहाची बशी.

"आज पाचवा दिवस," बाबा त्यांना सांगत होते. "नुसत्या पेजेवर आहो. मन मारावं लागते, बाप्पा, खायचं काम नाई." आणि त्यांनी एक भजं उचलून अख्खं तोंडात टाकलं. ते दोघे हसले. बाबाही हसले. त्यांनी मला पाहिलं नाही.

मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. माय चुलीपाशी मुगाचं कढण गाळत होती.

"माय, बाबा तिकडे भजे खाऊन राह्यले! मिरचीचे! आन् तू इथं..."

"हळू बोल."

"हळू कायले?"

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी समजलं. धोतराले तेलाचा वास येऊन राह्यला व्हता."

"मंग बोलत काऊन नाई तू?"

तिनं गाळणं झटकलं आणि माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ ती क्वचितच बघायची.

"बोलली तर ते म्हनतीन, जाऊ दे हे पथ्य. मंग उद्या चुलीवर मिरची चढन. अजून सहा दिवस हायेत माहे."

'माहे' म्हणाली ती. माझे. मला वाटलं होतं माय भोळी आहे. ती भोळी नव्हती. नवऱ्याचं खोटं ती पदराखाली झाकत होती, कारण त्याच खोट्याच्या आडोशाला तिला रोज वाटीभर पेज मिळत होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं शिजवलेल्या मुगासाठी तिला ही चोरी करावी लागत होती. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

त्या संध्याकाळी बाबांनी कढणाची वाटी नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं. "असं पिऊन मानूस जगते का?"

"थोडंसं घ्या," माय म्हणाली. मी उठून बाहेर गेले.

आठव्या दिवशी बाबा बाजारातून खुशीत आले. अंगणातूनच ओरडले, "ऐकलं का? पोट एकदम सुदरलं. परवा दहा-बारा जन जेवाले येनार हायेत. रोडगे करू. वांग्याची भाजी अशी कर का डोयातून पानी आलं पायजे."

माय दारात आली. "वैद्यबुवांनी अकरा दिवस सांगतले. अजून तीन..."

"माह्यं पोट मले समजते."

"तुमचं पोट स्टेशनापुढं भजे खाऊन राह्यलं," मी म्हणाले. "पथ्य मायनं केलं."

आमच्या घरात बाबांशी असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं आता मार बसणार. माय भिंतीला टेकली. पण बाबांनी मारलं नाही. ते हसले, आणि त्या हसण्यापेक्षा मार परवडला असता.

"दोन-चार भज्यानं का होते वो? औषध लागू पडलं, झालं."

"औषध तिले लागू पडलं. तिच्या पोटात सतरा वर्षांपासून जळते."

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी मायकडे बघितलं, खरोखर नवल वाटल्यासारखं. "मले तर कधी सांगतलं नाई इनं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. ज्या माणसाच्या शेजारी बसून बाई रोज सोडा खाते त्याला सांगावं लागतं?

"मंग खाय ना तू बी पेज," बाबा मायला म्हणाले, अगदी मोठ्या मनानं. "कोनी अडवलं? पन परवाचे पाव्हने ठरले हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता वैद्यबुवांच्या घरी गेले. ते खलात काही कुटत होते. मी सगळं सांगितलं, तांब्या, सोडा, तळाचं तेल, सगळं.

"मला हे कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुमी इचारलं?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी बत्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

आले, शब्द पाळला. अंगणात गोवऱ्यांची शेगडी रचली जात होती, माय वांगी चिरत होती. वैद्यबुवांनी बाबांसमोरच तिला बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली आणि मान वळवून तिनं मनगट पुढे केलं. ते एकेक विचारत होते आणि ती प्रत्येक उत्तराआधी बाबांकडे बघत होती. शेवटी उत्तरं मी दिली.

"पथ्य यांना हवं," वैद्यबुवा बाबांना म्हणाले. "राहिलेले दिवस पुरे करू द्या. पुढे दोन महिने तिखट-तेल नको. आणि यांनी सगळ्यांच्या शेवटी जेवायचं नाही."

"हाव हाव, करो ना," बाबा म्हणाले, आणि रोडगे किती लागतील ते मोजायला वळले.

दुपारी मिरचीची फोडणी पडली. माय खोकत होती, ठसका लागून डोळे लाल झाले होते. मी अंगणात तीन विटा मांडून लहान गंजात, एका माणसापुरत्या पातेल्यात, मुगाची खिचडी शिजवली. बारा वाजता तिच्यासमोर ताट नेलं.

"आधी तू जेव. वैद्यबुवांनी सांगतलं."

"पाव्हने जेवाचे हायेत."

"जेवतीन ते. तू बस."

"तमाशा नोको करू," ती दात आवळून म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

बारा माणसं जेवली. कणकेचे रोडगे गोवरीच्या राखेतून निघत होते, फोडले जात होते, तुपात बुडत होते. बाबा सगळ्यांना पथ्याची हकीकत सांगत होते, मुगाचं कढण कसं घशाखाली उतरत नव्हतं आणि तरी त्यांनी कसं उतरवलं. माय वाढत होती. साडेतीनला तिनं ती खिचडी खाल्ली, गार, गोळा झालेली. मी तिच्यासमोर बसून रागानं रडले. तिनं मला गप्पही केलं नाही, जेवत राहिली.

तो लहान गंज दिवाळीपर्यंत चुलीवर चढला. मीच चढवत होते. मग बहिणी आल्या, जावई आले, पोरं आली. वसुबारसेच्या सकाळी मी गंज शोधायला गेले तर मायनं तो घासून, पालथा घालून, मडक्यांच्या उतरंडीमागे ठेवला होता.

"सनासुदीले कुठं दोन-दोन भांडे," ती म्हणाली.

भाऊबीज व्हायच्या आत सोड्याची पुडी पुन्हा कोनाड्यात आली. बाबांवरचा राग मला सोपा होता, तो मी तोंडावर बोलून टाकला होता. मायवरचा राग कुठे टाकावा ते मला आजही कळलेलं नाही. तिला बरं वाटत होतं. बरं वाटणं म्हणजे काय ते तिला कळलं होतं. तरी तिनं ते आपल्या हातानं उचलून ठेवून दिलं, आणि मी विचारलं तर वर माझ्यावरच डाफरली.

बाबा मात्र पुढे कित्येक वर्षं त्या पथ्याचं कौतुक सांगत. लग्नात, बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. "अकरा दिवस घरच्या घरी, कवडीचं औषध नाई," म्हणत. मग त्या माणसांच्या बायका कृती विचारायला आमच्या मागच्या दारी येत. माय त्यांना सगळं सांगे: पाणी किती, तांदूळ किती, तूप कधी. सांगून झालं की ती हळूच विचारायची, "कोनासाठी पायजे?" कुणी म्हणे मालकासाठी, कुणी म्हणे सासऱ्यासाठी. मग माय आवाज आणखी खाली आणून म्हणायची, "तू बी पिजो त्यातलीच."

एकदा माझ्यानं राहवलं नाही. मी माहेरी आले होते. दारात जी बाई होती ती सारखी पोटाला हात लावत होती. मी तिला म्हणाले, "बाई, चोरून कायले पिता? वैद्याले सांगा ना, माह्यी नाडी पाहा म्हनून."

तिनं पदर तोंडाला लावला, मायकडे बघून हसली आणि विचारलं, "मूग सालीचे घेऊ का बिनसालीचे?"