शालिनीमावशी चालतात

आमच्या मंडळीतला सगळ्यात भांडखोर माणूस मी आहे, हे आधीच कबूल करतो. सगळ्यात उपयोगी माणूस मात्र शालिनीमावशी लघाटे. वय एकाहत्तर, माहेर उज्जैन, मुक्काम भोपाळचं साकेत नगर. जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावली. मला वाटतं, सटवाईने कपाळावर लिहिलेलंही त्यांना वाचता येत असावं.

आम्ही चाळीसेक जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्राम बनवतो. नाव 'वेलांटी'. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट वापरावा, उघडून बघावा, सुधारावा. पगार कोणालाच नाही, त्यामुळे मतं सगळ्यांना आहेत. पुण्याचे अंबरीश आणि सोनाली, नागपूर-बडोद्याची काही मंडळी, आणि इथे भोपाळातच गोविंदपुऱ्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग काढणारा मी, गिरीश. शब्दांच्या याद्या तपासायचं काम मावशींचं. अकरा हजार शब्द त्यांनी एकटीने पाहिलेत. शुद्धलेखनात त्या पुण्याच्या आणि बोलण्यात भोपाळच्या. तोंडात 'निर्णया'ऐवजी 'फैसला' येईल, पण कागदावर ऱ्हस्वाचं दीर्घ होणार नाही.

आमच्या गप्पा फोनवरच्या एका गटात चालायच्या आणि तिथे सगळा काला झाला होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोडमधली चूक, 'हा उकार पहिला की दुसरा', सगळं एकाखाली एक. शेवटी नवी जागा शोधायचं ठरलं. अंबरीशला एक रंगीबेरंगी ॲप हवं होतं, ज्यावर मुलं गेम खेळता खेळता बोलतात. मला हवं होतं ते ॲप स्वतःही ओपन सोर्स होतं, आणि त्यात प्रत्येक निरोपाला आधी विषय द्यावा लागायचा. दोन्हीकडे पंधरा-पंधरा दिवस राहून बघायचं, मग मतदान घ्यायचं ठरलं आणि आमची दोघांची जुंपली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचं नुकसान होत होतं आणि मला पत्ता नव्हता.

अंबरीशच्या ॲपमध्ये मावशींना काही सापडेना. 'जोडाक्षरांची यादी कोण बघतंय?' असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तो प्रश्न इतरांच्या गप्पांत वाहून गेला. माझ्या पसंतीच्या ठिकाणी त्या आल्याच नाहीत. त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर राहून मी ते दाखवायलाही गेलो नाही. मी अंबरीशला लांबलचक उत्तरं लिहिण्यात गर्क होतो.

मग एका रविवारी सकाळी जुन्या गटात अंबरीशने विचारलं, "नव्या जागेत येणाऱ्यांचं स्वागत करायला, त्यांच्या शंका सोडवायला कोण चालेल?" लगेच त्याखाली मावशींचा निरोप उमटला, "मी चालते."

गटात दिवाळी झाली. सतरा अंगठे आले, फुलं आली, फटाके आले. सोनालीने लिहिलं, "वा मावशी, आम्हाला हेच हवं होतं." अंबरीशने लिहिलं, "किती दिवस वाट बघत होतो."

मी ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. पुण्यात त्या प्रश्नाखाली 'मी चालते' म्हणजे 'मला घेतलंत तरी चालेल'. आमच्याकडे 'मी चालते' म्हणजे 'चलती हूँ'. निघाले. हळदीकुंकवातून उठताना आमच्या बायका हेच म्हणतात. आणि मावशींनी आजवर गटात असा निरोप कधी घेतला नव्हता. 'वेलांटी'लाही ही चूक पकडता आली नसती, कारण शब्द दोन्हीकडे शुद्धच होता.

मी स्कूटर काढली. दार मावशींच्या यजमानांनी, श्रीकांतरावांनी उघडलं. "आत आहे," ते हळूच म्हणाले. "सकाळपासून भांडी जोरात वाजतायत."

मावशी बाफले, म्हणजे आमच्याकडच्या उकडून भाजायच्या बाट्या, वळत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वाचलंस ना सगळं? मी सोचलं, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, तर आपणच चुपचाप निघावं. वाटलं, एक जण तरी थांबा म्हणेल. तर सतरा जणांनी अंगठा दाखवला, बेटा. तो अंबरीश म्हणतो, किती दिवस वाट बघत होतो. इतकी भारी झाले होते का रे मी तुम्हाला?"

मला हसू आलं आणि मी खिशातून फोन काढला. "मावशी, त्याच्या वरचा प्रश्न वाचलात?"

"कुठला प्रश्न? मी लिहायला बसले तेव्हा कोणताच प्रश्न नव्हता."

मावशी एकेक अक्षर शोधून लिहितात. त्यांचं लिहून होईपर्यंत अंबरीशचा प्रश्न मध्ये येऊन बसला होता. मी फोन पुढे धरला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कणकेचा हात तसाच तोंडावर धरून हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात. "म्हणजे ते मला बोलावतायत?"

"हो. आणि तुम्ही खरंच गेला असतात, तरी आम्ही इकडे फटाकेच फोडत बसलो असतो," मी म्हणालो. मला मनापासून लाज वाटत होती.

हात धुऊन त्या बसल्या. मी माझ्या पसंतीची जागा उघडून दिली आणि सांगितलं, की आधी विषय लिहायचा, मग त्याचं सगळं त्याच्याखाली राहतं. मावशींनी दोन मिनिटं बघितलं.

"हे तर केसपेपर आहेत. एका पेशंटची एक फाईल. खाली-पीली महिनाभर भांडलात. मला पहले का नाही दाखवलं?"

मी विषय बदलला. गैरसमज गोड आहे, गटात काही सांगू नका, असं मी सुचवून पाहिलं. "चूक दिसली की खोडून बरोबर लिहायचं," त्या म्हणाल्या आणि दहा मिनिटं फोनवर बोट चालवत राहिल्या. निरोप असा होता: "आमच्या भोपाळी मराठीत मी चालते म्हणजे मी निघते. आज मी खरोखरच निघाले होते. तुमचा प्रश्न मी वाचला नव्हता, आता वाचला. स्वागताचं काम आनंदाने करीन, पण जिथे एका विषयाची एक फाईल असेल तिथेच."

मग, महिनाभर माझ्यापुढे तसूभर न हटलेल्या अंबरीशने लिहिलं, "मावशी, माफ करा. तुमचे तिन्ही प्रश्न आत्ता शोधून वाचले. मतदान नको. तुम्ही जिथे बसाल, ती आमची जागा."

मावशींनी ते मला वाचून दाखवलं. मग उठून बाहेरच्या खोलीच्या दारात गेल्या.

"अहो, ऐकलंत का," त्या श्रीकांतरावांना म्हणाल्या, "मला ठेवून घेतलं."