ओमिजाच्या वेलींवर दुसरा हात

जोम्न्येचा कुणावर विश्वास नव्हता आणि ते ती लपवतही नसे. लग्न होऊन ती या डोंगरगावात आली, तेव्हा सासू ओमिजा फळांच्या पाकाच्या बरण्यांच्या झाकणांवर केस चिकटवून ठेवायची, म्हणजे कुणी उघडली तर लगेच कळावं. जोम्न्येने पाकाला कधी बोट लावलं नाही, तरी केस तुटला की नजर तिच्यावरच यायची. पुढे सासू गेली, बरण्या जोम्न्येच्या ताब्यात आल्या आणि ती नजरही तिच्याकडेच आली.

गावात ओमिजाच्या वेलींचे मांडव घरोघरी होते. पण रानातल्या ओमिजाची लाल फळं बारीक, आंबटपणा जिभेला झोंबणारा, आणि पाकाचा रंग असा की पेल्यातल्या पाण्यात थेंब पडला तरी दिसावा. तशा वेली कड्याखालच्या एका घळीत होत्या आणि ती जागा फक्त जोम्न्येला ठाऊक होती. निघताना ती मुद्दाम उलट्या दिशेने जायची आणि ओढ्याला वळसा घालून वर चढायची. सप्टेंबरात घोस तोडायचे, धुऊन कोरडे करायचे, फळांच्या वजनाइतकी साखर घालून बरणी भरायची. शेजारच्या गुम्जाने कित्येकदा जागा विचारली. जोम्न्ये म्हणायची, "रानात असतं गं, रानात."

त्या वर्षी ती घळीत पोचली तर खालचे घोस गेलेले. पक्ष्यांनी खाल्ले म्हणावं तर देठ कात्रीने साफ कापलेले. वरचे घोस मात्र सोडून दिलेले, आणि खाली लोंबणारी एक वेल कापडाच्या पट्टीने परत झाडाला बांधलेली. पट्टी शेतात घालतात त्या फुलाफुलांच्या विजारीची होती. तीच विजार बाजारातल्या एकाच दुकानातून अख्ख्या गावातल्या बायकांनी घेतलेली.

पुढचे काही दिवस जोम्न्ये गावभर बायकांच्या विजारी निरखत हिंडली. कुणाच्या विजारीचा पाय आखूड दिसतोय, कुणाला ठिगळ आहे. मग ती गुम्जाकडे मीठ मागायला गेली. गुम्जाने मीठ दिलं, चहा दिला, पण मागच्या पडवीचं दार मध्येच लोटून घेतलं. म्हणाली, तिथे पसारा आहे. जोम्न्ये तिच्या पडवीत आयुष्यभर बसत आली होती, पसारा कधी आड आला नव्हता. घरी येऊन तिने जेवताना सांगून टाकलं की चोर सापडला. मुलगा ग्वान्हो हसला. सून न्युंग वाढत होती. तिने मान वर केली नाही.

न्युंग व्हिएतनामहून लग्न करून आली त्याला सहा वर्षं झाली होती. जोम्न्येने तिला किमची शिकवली, आंबवलेल्या सोयाबीनची खारी चटणी शिकवली. पाक भरताना मात्र काही ना काही कामाला बाहेर धाडायची.

उरलेले घोस पिकले त्या दिवशी जोम्न्ये आधीच जाऊन झुडपामागे बसली. गुम्जा येईल, तिला काय काय ऐकवायचं, हे तिने मनात घोळवलं होतं. ओढ्याकडून पाला वाजला आणि न्युंग वर आली. हातात कात्री, पाठीला पिशवी.

जोम्न्ये उठून उभी राहिली. न्युंग दचकली, पण पळाली नाही.

"कुणी दाखवली तुला ही जागा?"

"तुम्हीच, आई. गेल्या वर्षी तुम्ही ओढ्यात घसरून लंगडत घरी आलात. हे म्हणाले, आई डोंगरात जाते तेव्हा तिच्या मागोमाग जात जा."

"मागोमाग यायला सांगितलं होतं. तोडायला नव्हे."

"तुम्ही शिकवत नाही," न्युंग म्हणाली. "मग बघून शिकले."

"आणि ती वेल?"

"पडली होती. बांधली नसती तर मेली असती."

जोम्न्येने विचारलं, पाक कुठे आहे. न्युंगने गुम्जाच्या पडवीचं नाव घेतलं.

दोघी तशाच गुम्जाच्या दारात गेल्या. गुम्जाने बरणी पुढे आणली. "बघ बाई, माझ्याकडे नुसती बरणी आहे. जागा मी हिला विचारली होती, खोटं कशाला बोलू? सांगेल तर शपथ. तुझीच सून."

जोम्न्येने झाकण काढून हुंगलं. फळं वर तरंगत होती, कडेने फेस धरला होता. "साखर कमी पडलीय," ती म्हणाली. "आठवड्यात दारू होईल याची." बरणी तिने स्वतः कडेवर घेऊन घरी नेली. न्युंगला बरणीचं तोंड धरायला लावलं आणि फेस बसेपर्यंत साखर ओतत राहिली. किती ओतायची, ते सांगत सांगत.

रात्री ग्वान्होलाही तिने खोदून विचारलं की बायकोच्या आणि त्याच्या मनात आणखी काय काय आहे. तो काहीच नाही म्हणाला. तिला ते पुरतं पटलं नाही.

थंडीत पाक गाळला तेव्हा न्युंगचा जरा आंबूस लागला. जोम्न्येने गुम्जाला सांगितलं की पोरीचा हात अजून बसायचाय. पण पाहुणे आले की गरम पाण्यात ती त्याच बरणीतला घालायची. कुणी विचारलं, कुणी केलाय, तर म्हणायची, "घरचाच आहे."