तारेचा ब्रश आणि स्टीलचा कठडा

आमच्या बाल्कनीच्या स्टीलच्या कठड्यावर पुन्हा तांबूस ठिपके उठलेत. उठणारच! आमचे हे ज्या तारेच्या ब्रशने खालचं गंजकं लोखंडी फाटक खरवडतात, त्याच ब्रशने दर दिवाळीला कठडाही घासतात. स्टीलला स्टीलच्याच तारांचा, वेगळा ठेवलेला ब्रश लागतो. नाहीतर लोखंडाचे कण त्यावर बसतात आणि तेच गंजतात, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. "अगं, घासायला कमी पडलो," म्हणत हे आणखी जोर लावतात.

भांडण मिटवतानाही यांची हीच तऱ्हा. परवा माझी समजूत काढायला बसले आणि बोलता बोलता माझ्या भावाच्या लग्नात राहून गेलेला मानपान काढला. झालं! मिटत आलेलं पुन्हा तांबूस. जुन्याचा कण झटकल्याशिवाय नव्याला हात लावू नये, एवढं साधं कसं कळत नाही या माणसाला?

काल शेवटी मीच स्टीलचा कोरा ब्रश आणून यांच्या हातात दिला. त्यांनी तारांवरून कौतुकाने बोट फिरवलं.

"फक्कड आहे गं! थांब, आधी फाटकावर चालवून बघतो."

मी तोंड उघडेपर्यंत खाली खरखर सुरू झाली होती.