बोटांना आठ दिवस सुट्टी

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात, तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पोरांवर ओरडून ओरडून तो तिथंच कायमचा राहायला आलाय. खोटं नाही. पण त्या रागापायी मी एका बाईची बोटं सोलायला लावली, हे घरच्यांना माहीत नाही. ते आज लिहिते.

मी राहते शुक्रवार पेठेत, शाळा होती पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा मी फोनवर गणित शिकवायला लागले आणि स्वतःवरच खूश झाले. ज्याच्या फोनवरून निळी खूण येईल तो हजर, बाकी गैरहजर, असा माझा कारभार. आठवीतली एक मुलगी रोज गैरहजर. हुशार मुलगी, म्हणून मी जास्तच चिडले. निर्बंध सैल झाल्यावर तिच्या गल्लीत गेले, ते चांगली खरडपट्टी काढायलाच.

तिथं कळलं, सात घरांत मिळून मोठा फोन एकच, शेजारच्या विणकराचा. तो दुपारी जेवायला घरी आला की ही पोर त्याच्या उंबऱ्यात उभी राहून माझं गणित वहीत उतरवून घ्यायची. सगळं होतं वहीत. मी घाईत चुकवलेलं एक उदाहरण तिनं दुरुस्तसुद्धा करून ठेवलं होतं. ओरडायला उघडलेलं माझं तोंड तसंच मिटलं. लोक विचारतात, बाई, तुम्ही समाजकार्याकडे कशा वळलात? वळते कसली! लाज वाटली म्हणून गेले.

निवृत्त झाल्यावर त्या गल्लीच्या समाजमंदिरातली एक खोली मागून घेतली. केबलचा धंदा करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांनी वायर ओढून दिली, दोन जुने कॉम्प्युटर मिळाले आणि मी माझ्या वळणदार अक्षरात पाटी लावली : इंटरनेट सगळ्यांसाठी. पोरं आली, पण बायका महिनाभर फिरकल्याच नाहीत. मी धुसफुसत होते. शेवटी त्या मुलीची आईच म्हणाली, "बाई, तुमच्या खोलीत हात रिकामे ठेवून बसायचं कसं? बिडी कोण वळणार?"

खरंच की! त्या गल्लीत घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि दारोदारी बिडी. ओट्यावर बसायचं, मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, नखानं तोंड दुमडायचं. पान-तंबाखू कारखान्यातून आणायची आणि दुसऱ्या दिवशी तयार माल तिथं नेऊन द्यायचा. हात कधीच मोकळे नाहीत, कान आणि तोंड मात्र मोकळं. मग मीच लॅपटॉप काखोटीला मारून ओट्यावर जाऊन बसायला लागले. मी फॉर्म वाचायचे, त्या वळता वळता उत्तरं द्यायच्या. जन्मतारीख विचारली तर उत्तर यायचं, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी, लिवा की!"

त्या मुलीच्या आईचा नवरा लवकर गेलेला. ती दिवसभर वळायची, पण मुलीला पानाला हात लावू द्यायची नाही. बायका टोमणे मारायच्या, "लई लाडावून ठेवलीय पोरगी. घोडी झाली तरी सुपाजवळ येत न्हाय." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मुलगी बारावी झाली, लांब पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. पण वसतिगृह मिळालं तरच जाणार, नाहीतर इथंच सूप मांडीवर. वसतिगृहाचा अर्ज मी ओट्यावर बसून भरत आणला आणि शेवटी गाडी अडली. पालक म्हणून आईच्या आधारची खात्री करायची होती, आणि तिचा ओटीपी जायचा तो नवऱ्याच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम तो गेल्यावरच बंद पडलेलं. नंबर बदलायचा तर केंद्रात जाऊन बोटाचा ठसा द्यायचा. मुदतीला बारा दिवस होते. मी म्हटलं, एवढंच ना, चला.

केंद्रात दहाही बोटं लावून झाली. मशीनचं एकच, ठसा जुळत नाही. डोळ्यांचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. मागं रांग तटलेली. मी तिच्या बोटांकडे पाहिलं, तंबाखूनं काळी झालेली, आणि माझा पारा चढला. "अहो, निदान हात तरी स्वच्छ धुवून यायचं! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, कळतंय का?" सगळ्या रांगेसमोर. ती एवढंच म्हणाली, "धुतलं की हो बाई."

दोन दिवसांनी पुन्हा नेलं, तर तिनं हात पदराखाली लपवलेले. पाय घासायच्या वजरीनं घासले होते. लिंबू आणि राख लावून परत घासले होते. बोटांची टोकं लालभडक झालेली, एका ठिकाणी सालटंच निघालेलं. केंद्रातल्या माणसानं ती कशीबशी मशीनवर टेकवून घेतली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथं तिच्या बोटाचं चित्र होतं, नुसतं पांढरं. एक रेघ नाही.

"बिडीवाल्या बायकांचं असंच होतं, बाई," तो म्हणाला. "वळून वळून रेघा झिजतात. उरल्यासुरल्या ह्यांनी घासून घालवल्या. आठ दिवस काम बंद, रोज तेल. मग बघू."

मी खाली बसले. तीस वर्षं दर सोमवारी पोरांची नखं तपासली, त्यांच्या आयांच्या बोटांकडे एकदा बघितलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "चुकलं माझं." ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली. "जाऊ द्या हो बाई. तिच्यासाठीच ओरडला की तुमी." मग मात्र मला भर रस्त्यात रडू आवरेना.

आता दहा दिवस उरलेले. आणि आठ दिवस माल गेला नाही तर तिचं काम तुटणार. मी गल्लीत येऊन सगळं सांगितलं, माझ्या घोडचुकीसकट. टोमणे मारण्यात जी सगळ्यात पुढं असायची, ती म्हातारी उठली, हिच्या मांडीवरचं सूप उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तुझा माल आमी वळतो. तू गप तेल लावून बस."

तिला बसवेना. रिकाम्या मांडीवर बोटं आपोआप हलायची. मलाही बसवेना, म्हणून मी वळायला शिकले. शिकले म्हणजे काय, बायकांची करमणूक केली. "बाई, ही बिडी हाय का पुंगी?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "हात तरी स्वच्छ धुवून यायचं की!" अख्खा ओटा खदखदून हसला. मीही हसले, पण कान तापले.

तिसऱ्या दिवशी माल द्यायला तिच्याबरोबर गेले. कारखान्यातल्या तपासनीसानं एक जुडी उचलली, मान खाली घालूनच बोटांनी चाचपली. "हा हात तुझा न्हाय." त्यानं तिच्या तेलकट बोटांकडे पाहिलं. पुन्हा जुडी चाचपली. "चौघींचा हात हाय ह्यात. आणि ही पाचवी कोण? तिला म्हणावं, दुसरं काम बघ." माझ्या बिड्या त्यानं बाजूला फेकल्या, बाकीचा माल तिच्या नावावर घेतला आणि म्हणाला, "बोट बरं झालं की तू वळ." इतक्या वर्षांत कुणी माझं काम नापास केलं नव्हतं, तरी तो माणूस मला फार आवडला.

नवव्या दिवशी केंद्रात गेलो. उजवा हात नाही. डावा अंगठा नाही. ती डोळे मिटून एकेक बोट टेकवत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवून उभी होते. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागलं. मशीन हिरवं झालं, आणि तो केंद्रातला माणूस आमच्याआधी ओरडला.

मुदतीच्या दिवशी नव्या नंबरवर ओटीपी आला. ओट्यावरची सगळी सुपं थांबली होती. आकडे आईनं स्वतः वाचून दाखवले, तेलुगूत, आणि मुलीनं अर्ज पाठवला. दुसऱ्या दिवसापासून आईचं सूप परत तिच्या मांडीवर.

मुलगी पुण्याला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर तिचा व्हिडिओ कॉल आला. सगळ्या बायका गोळा झाल्या. वसतिगृह कसं आहे, जेवण कसं आहे, झालं. मग म्हणाली, "अम्मा, इथं हजेरी अंगठ्यानं असते. माझा पहिल्याच वेळी लागला. नुसता टेकवला, लगेच."

म्हातारी सूप घेऊनच पुढं सरकली.

"दाखव बघू," आई म्हणाली. मुलीनं अंगठा कॅमेऱ्याजवळ धरला, स्क्रीनभर तोच दिसायला लागला. रेघ न् रेघ स्पष्ट. आईनं सूप खाली ठेवलं. स्क्रीनवरच्या अंगठ्याकडे नेलेले हात मागं घेऊन पदराला पुसले, मग माझ्याकडे बघून पुन्हा पुसायला लागली.

"नका पुसू हो," मी म्हटलं. "तसाच लावा हात."